वाचकांचे प्रश्न : अकरावीतल्या पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, बजेट तीस हजार

दहावीचा निकाल लागला आणि अकरावीच्या अ‍ॅडमिशनची धावपळ सुरू झाली की नागपुरात घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतोच. यावेळची बहुतेक पत्रं त्याच्यावरच आलीत, म्हणून सगळं सदर यालाच दिलंय. पहिल्या दोन पत्रांना जागा जास्त दिली कारण लोकांचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच बुडतात.

प्रश्न : भाऊ, मुलगी दहावी झाली, आता सायन्सला जाणार, कॉम्प्युटर सायन्स विषय घेऊन राहिली. बर्डीवर दोन-चार दुकानं फिरलो. एका ठिकाणी नवा लॅपटॉप २४ हजारात देतो म्हणाले, सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, वरून बॅग आणि अँटीव्हायरस फ्री. पुण्याचा भाचा म्हणतो, मामी असला घेऊच नको, ६५ हजारांचा गेमिंग लॅपटॉप ईएमआयवर घे, पुढे इंजिनीअरिंगला कामी येईल. आमचं बजेट ३० हजार, फार ओढलं तर ३५. काय करावं?
— एक आई, मानेवाडा रोड

उत्तर : ताई, दोन्ही नका घेऊ.

आधी तो २४ हजारवाला. नवा कोरा डबा, कंपनीची वॉरंटी, घरी आणल्यावर सगळे खूष होतील हे खरं. पण ६४ जीबी स्टोरेज म्हणजे बहुतेक त्यात एसएसडी (वेगवान स्टोरेज) नाही, ईएमएमसी आहे, मोबाइलमध्ये असायची तशी बोर्डावरच चिकटवलेली मेमरी, हळू चालते आणि बदलता येत नाही. त्यातली अर्धी जागा विंडोजच खाते, मग मोठं अपडेट आलं की मशीन म्हणते जागा नाही. ४ जीबी रॅमचं तेच, विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगते, म्हणजे नुसती चालू व्हायलाच तेवढी गेली, त्याच्यावर क्रोममध्ये पाच टॅब आणि एक व्हिडिओ लेक्चर उघडलं की पोरगी माऊसचं गोल गोल फिरणारं चक्र बघत बसणार. आणि सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५०० असेल तर त्याला कोर, म्हणजे आतले काम करणारे मेंदू, दोनच. असा लॅपटॉप वर्षभरात कपाटात जातो, आणि मग "आपल्या पोरीला कॉम्प्युटर काही जमत नाही बाप्पा" असं घरात बोललं जातं ना, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण पोरीचा त्यात काहीच दोष नसतो.

आता भाच्याचा सल्ला. तो प्रेमानेच सांगून राहिला, पण बघा, बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये काय आहे तर सी प्लस प्लस, एचटीएमएल, डेटा स्ट्रक्चर, ८०८५ मायक्रोप्रोसेसर. याला गेमिंगचं ग्राफिक कार्ड लागत नाही, एक टक्काही नाही. वजन दोन किलोच्या वर, चार्जर वेगळा जड, बॅटरी दोन-तीन तासात खाली. इंजिनीअरिंग दोन वर्षांनी, ब्रांच कोणती मिळेल आजच माहीत नाही, आणि ती मेडिकलला किंवा बीएस्सीला गेली तर? तेव्हाचं तेव्हा घ्या. नो कॉस्ट ईएमआयवर पण लोक फसतात, प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, ते हप्त्याच्या आकड्यात दिसत नाही, स्टेटमेंट आलं की दिसतं.

मग घ्यायचं काय? ८ जीबी रॅम आणि २५६ किंवा ५१२ जीबीची खरी एसएसडी, याच्या खाली यायचंच नाही, बाकी सगळ्यात तडजोड चालेल. नव्यामध्ये इंटेलचा आय३-१२१५यू असलेला मिळाला तर उत्तम, सहा कोर आहेत, बारावीच काय पुढची तीन वर्षं पण निघतील. आय३-एन३०५ पण चालेल. एएमडीचा रायझन ३ ७३२०यू ठीक आहे, पण त्याच्यात रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून तो घ्यायचा तर ८ जीबीवालाच घ्या, "नंतर टाकून देतो" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. एएमडीच्या नावातला तिसरा आकडा बघायचा, ७३२०यू मधला २ म्हणजे आतली रचना जुनी झेन २, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. रायझन ५ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं ७५२०यू पण आतून जुनंच असतं, नुसत्या पाचाच्या आकड्याला भुलू नका.

हे नवे आय३ वाले ऑफरमध्ये ३५ हजारांच्या आसपास मिळायचे, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे आणि एसएसडीचे भाव जगभर चढले, त्यामुळे आज तेवढ्यात मिळेलच असं नाही. मिळाला तर डोळे मिटून घ्या. नाही मिळाला तर २४ हजारांच्या सेलेरॉनवर खाली उतरू नका, त्यापेक्षा चांगला रिफर्बिश्ड घ्या, त्याचं सविस्तर पुढच्या पत्रात लिहिलंय.

दुकानात अजून दोन गोष्टी. स्क्रीन फुल एचडी आहे का विचारा, १३६६ बाय ७६८ वाल्या अजून विकतात, दिवसभर पीडीएफ वाचणाऱ्या पोरीच्या डोळ्यांना ती त्रास देते. पॅनल आयपीएस असेल तर बरं, नाहीतर बाजूने बघितलं की रंग उडतात. आणि नवा लॅपटॉप विंडोज एस मोडमध्ये आहे का बघा, असेल तर स्टोअरच्या बाहेरचं काहीच इन्स्टॉल होत नाही, सी प्लस प्लसचं सॉफ्टवेअर पण नाही. एस मोडमधून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, दुकानातच करून घ्या.

बॅग आणि अँटीव्हायरसचं म्हणाल तर विंडोजमध्ये डिफेंडर आधीच आहे, शाळकरी पोरीला तेवढं पुरतं. दुकानदाराला सांगा, हे दोन्ही नको, त्याऐवजी किमतीत कमी कर किंवा रॅमचा रिकामा स्लॉट असेल तर ८ जीबीची एक काडी सवलतीत टाकून दे, माझ्यासमोर. आणि जीएसटी बिल घ्याच, त्याच्यावर सिरीयल नंबर लिहिलेला पाहिजे, बिनबिलाचे हजार-दोन हजार वाचवले तर पुढे वॉरंटीच्या वेळी हात वर करतात.

प्रश्न : मुलगा कॉमर्सला आहे, टॅली शिकून राहिला. एक दुकानदार १८ हजारात कंपनीतून आलेला सेकंडहँड लॅपटॉप देऊन राहिला, आय५ आहे, एकदम कडक आहे म्हणते. घरचे म्हणतात जुनं काऊन घेता. घ्यावा का? तपासायचा कसा, आम्हाला त्यातलं काही कळत नाही.
— एक वडील, नंदनवन

उत्तर : काका, जुना म्हणून नाकारू नका. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसचे लॅपटॉप बदलतात आणि तो माल लॉटमध्ये बाजारात येतो, डेलचे लॅटिट्यूड, लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक. हे मुळातच महाग आणि मजबूत बांधणीचे असतात, कीबोर्ड चांगला, बिजागरी पक्की, रॅम-एसएसडी बहुतेक मॉडेलमध्ये बदलता येते. टॅलीसाठी तर हे पुरून उरतील.

पण नुसतं "आय५ आहे" यावर जाऊ नका. आय५ दहा वर्षांपूर्वीचा पण असतो. पूर्ण नंबर विचारा. आय५-६३००यू असेल तर तो सहाव्या पिढीचा, आय५-८२५०यू किंवा ८३५०यू असेल तर आठव्या. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते, आणि विंडोज १० चं मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं. म्हणून आठव्या पिढीच्या खालचा १८ हजारात घ्यायचाच नाही, कितीही चकाचक दिसला तरी. मॉडेल सांगायचं तर थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि ७४९०, एलिटबुक ८४० जी५, हे बहुतेक आठव्या पिढीत येतात, पण काहींत सातव्या पिढीचा प्रोसेसर पण असतो, म्हणून नंबर बघाच. टी४७० आणि एलिटबुक ८४० जी३ दिसायला जवळपास तसेच, पण त्याच्या आधीचे, तिथेच गल्लत होते.

आता तपासणी. दुकानात निवांत तासभर काढा, मुलाला सोबत न्या, फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवा.

पहिले बॅटरी. स्टार्ट मध्ये सीएमडी टाइप करून ती काळी खिडकी उघडायची, त्यात पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, तिरपी रेघ आणि लागूनच बॅटरीरिपोर्ट, सगळं इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाइप करून एंटर मारायचं. एक फाइल तयार होते, ती कुठे ठेवली तेही खालीच लिहून येतं, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात दोन आकडे शोधा, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ४२,००० तर बॅटरी छान आहे. दुसरा २५,००० च्या खाली असेल तर अर्धी बॅटरी मेलेली, तिथे नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा, आणि देत नसेल तर उठा. ही एक फाइल दुकानदाराच्या सगळ्या बोलण्यापेक्षा खरं सांगते. टी४८० मध्ये बॅटऱ्या दोन असतात, दोन्हीचे आकडे बघा.

मग लॅपटॉप बंद करून परत चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जा, डेलला एफ२, लेनोव्होला एफ१, एचपीला एफ१०. तिथे पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप सोडून द्या, जुन्या कंपनीने लावलेलं कुलूप आहे ते आणि काढायला नंतर खूप त्रास होतो. त्याच्याही पुढची एक गोष्ट फार कमी लोक करतात, विंडोज रिसेट मारायला लावा आणि नव्याने सेटअप होताना हॉटस्पॉट जोडा. त्यावेळी जर एखाद्या कंपनीचं नाव येऊन त्यांच्या ऑफिसचा ईमेल मागितला तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. आज चालेल, पण उद्या परत फॉरमॅट मारला की अडकेल. दुकानदार म्हणेल एवढा वेळ नाही, तर सांगा आम्ही चहा पिऊन येतो, तुम्ही लावून ठेवा, पण नेट जोडायची ती पायरी आमच्यासमोर.

बाकीचं सोपं आहे. नोटपॅड उघडून कीबोर्डची एकेक की दाबा, मराठीत टाइप करायचं असेल तर सगळ्याच लागतात. स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावून डाग बघा. प्रत्येक यूएसबीमध्ये पेनड्राइव्ह घालून बघा, कॅमेरा, माइक, हेडफोनची पिन. झाकण एका कोपऱ्याने उघडून बघा, करकर वाजलं किंवा स्क्रीन हलली तर बिजागरी गेलेली. सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन बघा, विंडोज डिजिटल लायसन्सने चालू असली पाहिजे. सिरीयल नंबर खालच्या बाजूला असतो, तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की मूळ वॉरंटी कधी संपली ते कळतं, त्यावरून मशीनचं खरं वय निघतं.

दुकानाची वॉरंटी किती महिने आणि कशाकशावर, हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. नंतर टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण तिथेही हातात कागद असेल तरच बोलता येतं.

घरच्यांना सांगा, २४ हजारांच्या नव्या सेलेरॉनपेक्षा हा १८ हजारांचा जुना आय५ पोराला जास्त साथ देईल. उरलेल्या पैशातून एक चांगला माऊस घ्या, टॅलीत आकडे भरायचे तर वेगळा नंबरपॅड पण कामी येतो.

प्रश्न : मी नववीत आहे. मोबाइलवर पायथन शिकतो. बाबा म्हणतात टॅब घेऊ, मित्राकडे क्रोमबुक आहे. कोणतं घेऊ?
— एक विद्यार्थी, खामला

उत्तर : बेटा, मोबाइलवर एवढ्याशा कीबोर्डवर पायथन शिकतोयस, मला फार आनंद झाला. टॅब नको. टॅब बघायला आणि वाचायला छान, प्रोग्राम लिहायला नाही, कीबोर्डचं कव्हर घ्यायला गेलास की किंमत लॅपटॉपपर्यंत जाते. क्रोमबुक म्हणजे विंडोजऐवजी गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, त्याच्यावर लिनक्स चालू करून पायथन चालतं, गुगल डॉक्स चालतं, बॅटरी चांगली, पण त्यातही ४ जीबीवाले खूप विकतात, ते नको. आणि विंडोजवरच चालणारं काही लागलं, टॅलीसारखं, तर अडशील. बाबांना वरच्या काकांना दिलेलं उत्तर दाखव, जुना थिंकपॅड मिळाला तर तुझ्यासाठी तोच बरा. तोपर्यंत शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांना विचारून बस, मागितल्याशिवाय मिळत नाही. पुस्तकांची काळजी नको, बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट डाउनलोड होतात.

प्रश्न : आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. मे महिन्यात मुलीचा लॅपटॉप हात लावू देत नाही एवढा तापतो आणि मग स्लो होतो. कुलरसमोर ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, हुडकेश्वर

उत्तर : कुलरच्या समोर नाही, बाजूला. आपल्याकडे नवतपात पारा ४५ च्या पार जातो, स्लॅबखालची खोली दुपारी ४० च्या घरात, आणि बहुतेक लॅपटॉप कंपन्या ३५ डिग्रीपर्यंतच्या खोलीतच मशीन वापरा म्हणतात. म्हणजे आपण आधीच हद्दीच्या बाहेर आहोत. तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, मशीन जळू नये म्हणून, ते बिघडणं नाही. पण कुलरची ओली हवा आणि ताट्यांतून उडणारे थेंब सरळ कीबोर्डवर घेणं धोक्याचं. कुलर खोलीत, एक खिडकी उघडी, आणि लॅपटॉप टेबलवर हवेच्या झोताच्या आडव्या दिशेला. गादीवर, उशीवर ठेवूच देऊ नका, खालची जाळी बंद होते. मागून दोन पुस्तकं लावून उचलला तरी फरक पडतो.

उन्हाने बॅटरी लवकर जाते, आणि सतत १०० टक्के चार्जवर तापत राहिली की अजून लवकर. लेनोव्होच्या व्हँटेज अ‍ॅपमध्ये कन्झर्वेशन मोड असतो, आसुसच्या मायआसुसमध्ये पण तशी सोय आहे, चार्ज ८० च्या आसपास थांबतो, उन्हाळाभर तो चालू ठेवा. दुपारी स्कूटीच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवून कुठे थांबू नका. आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, आतला पंखा साफ करून घ्या, धुळीचा पातळ नमदा बसलेला असतो तिथे. दुपारी ऊन उतरेपर्यंत पुस्तकातून अभ्यास आणि लॅपटॉपचं काम सकाळी किंवा रात्री, असं ठरवलं तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की एआयसीटीई सगळ्या विद्यार्थ्यांना फ्री लॅपटॉप देते, लिंकवर आधार नंबर भरायचा. भरू का?
— एक पालक, वाडी

उत्तर : अजिबात भरू नका. "वन स्टुडंट वन लॅपटॉप" नावाने फिरणारा तो मेसेज खोटा आहे, एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या सरकारी संस्थेने आणि केंद्र सरकारच्या पीआयबीच्या फॅक्ट चेकनेही तसं सांगितलेलं आहे. ज्या ग्रुपवर आला तिथे पण सांगा, कारण गरजू घरचेच लोक आशेने भरतात. भरून झालं असेल तर बँकेचे मेसेज बघत राहा, आणि ओटीपी कोणालाच देऊ नका.

प्रश्न : घरी २०१६ चा लॅपटॉप पडून आहे, आय३, ४ जीबी रॅम, चालू व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. बारावीच्या मुलाला सीईटीसाठी वापरता येईल का, की भंगारात द्यावा? नवीन घ्यायची सध्या सोय नाही.
— एक आई, जरीपटका

उत्तर : भंगारात देऊ नका ताई, याच्यात जीव आहे. पाच-सात मिनिटं लागतात ती जुन्या हार्ड डिस्कमुळे. ती काढून २.५ इंची साटा एसएसडी टाकली, २५६ जीबीची पुरे, की तोच लॅपटॉप अर्ध्या-पाऊण मिनिटात उभा राहतो, बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. सोबत रॅम ८ करा. पण विकत घेण्याआधी कारागिराला खोलून बघायला सांगा, त्या काळातल्या काहींना डीडीआर३एल लागते, काहींना डीडीआर४, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जुन्या डिस्कमधले फोटो वगैरे आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या.

विंडोज ११ याच्यावर अधिकृतपणे बसणार नाही. मी याच्यावर लिनक्स मिंट टाकायला सांगेन, फुकट आहे, दिसायला विंडोजसारखंच, अपडेट येत राहतात, क्रोम आणि फायरफॉक्स चालतं, लिब्रेऑफिस आलेलंच असतं, मराठी कीबोर्ड पण लावता येतो. मुलाला दोन दिवस चाचपडायला लागतील, मग हात बसतो.

सीईटीसाठी तर याचा खरा उपयोग आहे. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन दोन्ही कॉम्प्युटरवरच होतात, आणि कितीतरी हुशार पोरं मोबाइलवर सराव करून जातात, मग परीक्षेत मोठ्या स्क्रीनवर प्रश्न वाचायचा, बाजूच्या कागदावर गणित सोडवायचं, परत माऊसने उत्तर निवडायचं यातच त्यांचा वेळ जातो. जेईई घेणाऱ्या एनटीएच्या साइटवर तिच्या मॉक टेस्ट फुकट आहेत. त्याला टेबलवर बसवून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, पूर्ण तीन तास लावून एकेक पेपर सोडवू द्या. बॅटरी मेलेली असेल तर नवी घेऊ नका, चार्जर लावूनच चालवा, फक्त बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे टचपॅड वर आलेलं किंवा खालचं झाकण उचललेलं दिसलं, तर त्याच दिवशी काढून घ्या आणि घरी ठेवू नका, ई-कचऱ्यात द्या.